सीडी घालायची कुठे?

हिंदी मुलखातल्या आमच्या गावात, दौलतगंज बाजारात, माझं आणि माझा आतेभाऊ विनू याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, धूळ आणि किस्से. धूळ रोज सकाळी झाडतो, किस्से मात्र कुणी चहाला बसलं की बाहेर पडतात. त्यातले निम्मे एकाच जुन्या कॉम्प्युटरमुळे घडलेत. त्याला आम्ही आजोबा म्हणतो. आजोबांना सीडी वाचणारा-लिहिणारा ड्राइव्ह आहे, कॅमेऱ्याच्या कार्डांसाठी खाचा आहेत, आणि फ्लॉपीसुद्धा चालते. फक्त फ्लॉपी कुणाकडे नाही.

विनूच्या मते हे सगळं कबाड आहे. आजकाल सगळं मोबाइलमध्ये मावतं, असं तो गिऱ्हाइकांसमोरही म्हणतो. रंजना, म्हणजे माझी बायको, म्हणते की माझी थिसिस जमा होईपर्यंत आजोबांना हात लावाल तर याद राखा. ती नऊ वर्षं गावाच्या लश्कर भागातल्या मराठी घरांमधल्या जुन्या पत्रांवर पीएचडी करतेय. तिच्या विद्यापीठाला छापील प्रतींबरोबर दोन सीड्या लागतात. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, आम्हाला ह्याच गावात राहायचंय.

*

एकदा कंपू मोहल्ल्यातून एक गृहस्थ पाठीचा एमआरआय घेऊन आले. सीडी हॉस्पिटलनंच दिलेली, पण त्याच हॉस्पिटलातल्या डॉक्टरांच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. पेनड्राइव्हवर करून दिलं, तर तिथे व्हायरसच्या भीतीनं पेनड्राइव्ह बंद. शेवटी त्यांनी आजोबांच्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढला आणि डॉक्टरांना नेऊन दाखवला.

डॉक्टरांनी फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला. मणक्याजवळच्या एका लांबट पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवून गंभीरपणे विचारलं, हे कधीपासून आहे?

"साहब, वो दौलतगंज की ट्यूबलाइट है."

*

टोपी बाजारात एक लग्नाचे फोटोग्राफर आहेत. त्यांनी कागदासारखा पातळ लॅपटॉप घेतला. प्रवासात ओझं नको म्हणून. त्याला कार्ड रीडर नव्हता, म्हणून कार्ड वाचणारी एक डबी घेतली. डबीची पिन जुळेना, म्हणून दुसरी डबी. मग चार्जर लावायला जागा उरेना, म्हणून तिसरी. आता लॅपटॉप एका हातात असतो आणि डब्यांची पिशवी भाच्याच्या खांद्याला. भाचा तक्रार करतो की मामांचा जुना लॅपटॉपच हलका होता.

*

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. नातवासाठी आमच्याकडून नवा कॉम्प्युटर जोडून घेतला. आत रंगीत दिवे, काचेचं दार, सगळा थाट. काका म्हणाले, "पुढून बोडका दिसतोय. सीडीचा ड्राइव्ह बसव."

विनूनं पुष्कळ समजावलं. काका ऐकेनात. आतल्या बोर्डावर वायर जोडायला जागाही उरली नव्हती. तेव्हा विनूनं चांगला नवा ड्राइव्ह नुसता पुढे स्क्रूनं कसून दिला. शोभेला.

सहा महिन्यांनी काका मुद्दाम दुकानात येऊन शाबासकी देऊन गेले. इतका टिकाऊ ड्राइव्ह त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. एकदाही बिघडला नाही!

*

आता दसरा. आमच्याकडे त्या दिवशी दुकानातल्या सगळ्या यंत्रांची पूजा असते, आणि ती विनूची आई, म्हणजे माझी आत्या, करते. यंत्र बंद ठेवून पूजा करायची नाही, असा तिचा नियम. त्यामुळे स्क्रूड्रायव्हरपासून प्रिंटरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावत ती चालू आजोबांपाशी आली. तिच्या पदराचा धक्का बटणाला लागला आणि सीडीचा ट्रे झुप्पकन बाहेर आला.

आत्यानं नमस्कार केला. ट्रेवर हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता ठेवल्या, वर एक पेढा ठेवला. तिच्या हाताच्या हलक्या धक्क्यानं ट्रे आत गेला. मग आतून असा आवाज आला की जणू मिक्सरमध्ये शेंगदाणे घातलेत. मी ओरडलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "त्यानं हात पुढे केला. सणाच्या दिवशी रिकाम्या हाती कसा परत पाठवू?"

रंजना दारात उभी होती. गाइडनं थिसिस आदल्या दिवशी मंजूर करून दिली होती. जमा करायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची. ती खुर्चीत बसली. नऊ वर्षांत तिला असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. मी ट्रे ओढून पाहिला, ड्राइव्ह कायमचा गेला होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा टोपी बाजार पालथा घातला. सीडी लिहिणारा ड्राइव्ह म्हटल्यावर दुकानदार आमच्याकडे दयेनं बघत. ऑनलाइन मागवला तर तीन दिवस. दुपारी दोनला विनूला एकदम आठवलं. गावात एक ड्राइव्ह कोरा आहे, आणि तो कधीच बिघडलेला नाही.

काकांनी स्वतः उभं राहून स्क्रू काढू दिले. ड्राइव्ह बाहेर आला. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, ह्याला वायर कुठाय?

"वायरलेस आहे, काका," विनू म्हणाला.

काकांना त्या ड्राइव्हचा आणखीच अभिमान वाटला.

आजोबांना तो बसवला, दोन्ही सीड्या लिहिल्या, आणि पावणेपाचला आम्ही विद्यापीठाच्या खिडकीशी पोहोचलो. रंजनानं प्रतींच्या गठ्ठ्यावर एक सीडी ठेवून तो आत सरकवला. तिथल्या कारकून बाबूंनी छापील प्रती मोजल्या, पावतीवर शिक्का मारला. मग टेबलाच्या खणातून सुतळी काढली, पहिली सीडी तिच्यात ओवली आणि उठून मागच्या उघड्या खिडकीत टांगली. तिथे आधीच दहा-बारा सीड्या उन्हात गरगरत होत्या.

रंजना म्हणाली, "भाईसाब, एक बार कंप्यूटर में लगाकर जाँच तो लीजिए."

बाबूंनी वर पाहिलं. कठड्यावर बसलेलं कबूतर नव्या सीडीच्या लखलखाटाला बिचकून फडफडत उडून गेलं.

"जाँच हो गई, मैडम. दूसरी कॉपी भी दीजिए, बगल वाली खिड़की पर बहुत आते हैं."