पाना फिरत नाय

साईनाथला फिटर लोकांचा भारी तिटकारा. मुरबाडला तो नोकरीला होता त्या कारखान्यात भात वाळवायची दुमजली मशिनं बनायची, वर्षाला दोन नाहीतर तीन, आणि त्यांची ड्रॉइंगं काढणारा हा एकटा शहाणा. मशीन जोडणारा जैतू कितीदा म्हणाला, "साहेब, आतल्या बोल्टावर पाना फिरत नाय. पत्र्याला एक खिडकी ठेवा."

"खिडकी? मग पडदे पण लावू का रे?" साईनाथ फिस्कारायचा. "दोन मशिनांसाठी कोण डोकं शिणवतो! तुमाला हात कशाला दिलेत देवानं?"

हेच तो घरी बायकोलाही फुशारकीनं ऐकवायचा. बाहेरून मशीन कसं गुळगुळीत, मालक खूश. आत जैतूच्या हाताची सालटी निघाली तर याच्या बापाचं काय जात होतं?

जवळच्या म्हसा गावची जत्रा आली. जत्रेला आमच्याकडे कोणी रजा मागत नाही, सरळ जातात. कारखाना ओस पडला, आणि मशीन नेमकं त्याच दिवशी ट्रेलरवर चढायचं होतं. आतला एक बोल्ट आवळायचा राहिला होता. संध्याकाळी शहापूरला घरी भाविकाची, त्याच्या एकुलत्या एक लेकीची लग्न ठरल्याची सुपारी फुटायची होती, आणि ती बापानंच फोडायची. "एका बोल्टाला असा कितीसा टाइम लागतो? जैतूवाचून काय अडतंय?" म्हणत या पठ्ठ्यानं स्वतःच पाना उचलला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

हात खांद्यापर्यंत आत गेला. पाना जेमतेम हलला, आणि कोपर दोन पट्ट्यांमध्ये असा अडकला की बाहेर येईना. ओढून पाहिलं, शिव्या घातल्या, रडकुंडीला आला. टेबलावर फोन वाजत राहिला. बायकोचाच असणार.

वॉचमन धाकलूनं ओरडा ऐकला आणि जैतूला जत्रेतून बोलावून घेतलं. जैतू आला तो हातात खाज्याचा पुडा घेऊन. तो आधी नीट खाऊन संपवला, मग पलीकडून पत्रा कापला.

"घ्या साहेब, झाली खिडकी."

सुजलेला हात गळ्यात बांधून साईनाथ घरी पोचला, तेव्हा पाहुणे जेवून निघून गेले होते. सुपारी चुलत्यानं फोडली होती. नव्या साडीतली भाविका त्याच्याकडे न बघता आत गेली. साईनाथ बोल्टाची गोष्ट सांगायला लागला.

गिरजानं, त्याच्या बायकोनं, ताट त्याच्यापुढे आदळलं. "दोन मशिनांसाठी डोकं शिणवत नाय ना तुमी? आपली पोर तर एकच होती."