वटवाघळाला गूळपाणी
सत्तरच्या दशकात मी मिरजेला प्राणिशास्त्र शिकत होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी खात्री होती. सुट्टीत पाटणजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा वडील परसातल्या केळीवर येणाऱ्या वटवाघळांवर चिडलेले. ती घड खातात म्हणून त्यांनी केळफुलासकट सगळा घड आपल्या फौजेत असतानाच्या जुन्या मच्छरदाणीत गुंडाळला. केळी अजून कच्ची होती, वटवाघळं येत होती ती फुलातला मध प्यायला. हे सांगायचं सोडून मी गाठी मारू लागले.

सकाळी जाळीत एक वटवाघूळ अडकलेलं दिसलं. थंडगार, मान टाकलेलं. जाळीतून ते अलगद सोडवलं. मी दूध आणायला धावले, तर आई म्हणाली, "दूध कशाला गं? रातभर उपाशी हाय ते. दारात आलेल्याला आपण आधी काय देतो?" आणि तिनं कापसाच्या बोळ्यानं त्याच्या तोंडात गूळपाणी पिळलं.

थोड्या वेळानं ते थरथरलं आणि बोळा दातांत धरून सोडेचना. मला इतकं हायसं वाटलं की रडू आणि हसू एकदमच आलं.

हा जीव साखर फारशी साठवत नाही, प्यायलेली लगेच जाळून तिच्यावरच उडतो, हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं.

तिन्हीसांजेला ते उडून गेलं. वटवाघळं फुलातल्या मधासाठी येतात हे मी अखेर सांगितलं, तेव्हा वडिलांनी मच्छरदाणी सोडली, तिची घडी घातली आणि आईला बजावलं, "ह्या केळफुलाची भाजी करायची न्हाई. पाव्हण्याचं ताट हाय ते."