पापुद्र्यावरची फुली

ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकली नाही असा माणूस जालन्याच्या मस्तगडात शोधावा लागेल. लग्नाच्या पंगतीत सांगितली, दुकानाच्या पायरीवर सांगितली, एकदा तर दहाव्याला गेलो होतो तिथेही — लोकांना जरा हलकं वाटावं म्हणून. दर वेळी माणसं पोट धरून हसली. पण सांगताना मी तिच्यातला एक तुकडा गाळतो. फार मोठा नाही, दोन मिनिटांचा असेल. त्या दोन मिनिटांबद्दल बायकोला माहीत नाही, शकीलला नाही, आणि मिलिंदला — नाही, त्यालाही नाही. तुम्ही पहिले. तुम्हालाच का? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि पुढच्या गुरुवारी मला मिलिंदला घेऊन एका ठिकाणी जायचंय म्हणूनही.

आधी हसण्याचा भाग सांगतो. तो मला बरा जमतो.

आम्ही तिघं शाळेपासूनचे. माझं स्टेशनरीचं दुकान. शकील वेल्डिंग करतो — गेट, ग्रिल, गॅलरीचे कठडे. मिलिंद टेंभुर्णीकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. सात वर्षांपूर्वी त्याने मोबाईलवर काहीतरी पाहिलं : परदेशातली पोरं दोरी न लावता, नुसत्या हातापायांनी मोठमोठ्या दगडांवर चढतात. पडली तर खाली जाड गादी. मिलिंद म्हणाला, आपल्याकडे दगडांना काय तोटा आहे? ते खरंच होतं. आमच्या भागात पेरायला माती कमी असेल, दगड कमी नाहीत.

मग दर रविवारी आम्ही नवे दगड हुडकायला निघायचो. गादीवाल्याकडून दोन जुन्या गाद्या आणल्या, ताडपत्रीत शिवून घेतल्या. मोटारसायकलवर मागे गाद्या बांधून निघालो की फाट्यावरचे लोक विचारायचे, कोण वारलं? हाताला घाम येऊ नये म्हणून चढणारे पांढरी पूड लावतात. ती आम्हाला कुठून मिळणार? दुकानातले खडू मी खलबत्त्यात कुटायचो. चाळिशी गाठलेली तीन माणसं, हात पांढरे, गुडघे सोललेले, एका दगडासमोर उभी राहून भांडतायत — हे दृश्य तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

टेंभुर्णीच्या पलीकडे मिलिंदला एक टेकडी सापडली. काळे, गोल, दोन-अडीच पुरुष उंचीचे दगड. पहिल्या रविवारी आम्ही तिथे दगड ठोकून बघत होतो तर बांधावरून एक म्हातारे शेतकरी आले. आबा म्हणायचो आम्ही त्यांना पुढे.

"काय शोधून राह्यले?"

"दगड, आबा," शकील म्हणाला.

आबांनी चहूकडे नजर फिरवली. "अन् हे काय हाय मंग?"

त्यांना वाटलं आम्ही गुप्तधनवाले. दगड ठोकत हिंडणारं दुसरं कोण असतं? जाताना म्हणाले, "सापडलं तर वावर माझं हाय, येवढं ध्यानात ठेवा."

इथे लोक हसतात. मीही थांबतो, हसू देतो.

आता ठोकण्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर आहे. आमच्याकडचा काळा दगड वरून दिसतो अभेद्य, पण उन्हापावसाने तो कांद्यासारखा सुटतो. वरचा पापुद्रा मूळ दगडाला धरून असतो — किंवा नुसता टेकलेला असतो. बघून कळत नाही. हातोडीने हलकं ठोकायचं. 'टण्' वाजला तर बराबर. 'बद्द' वाजला तर आत पोकळ. म्हणून आमचा नियम होता : कुणी चढायच्या आधी एकाने मागच्या बाजूने दगडावर जायचं, पालथं पडून खाली वाकायचं, हाताला लागेल अशी प्रत्येक कपार ठोकायची, आणि पोकळ असेल तिथे खडूने फुली मारायची. फुली म्हणजे हात लावायचा नाही. खडू माझा, म्हणून हे काम माझं.

आणि मी भित्रा. हे कधी लपवलं नाही, उलट यावर मीच जास्त विनोद केलेत. जरा शंका आली की फुली. शंका नसली तरी, मनाच्या समाधानासाठी एक. दोन रविवारांत त्या टेकडीवरचे निम्मे दगड मी बाद केले. माझं नावच पडलं — फुलीवाला. शकील म्हणायचा, "याच्या हाती खडू देऊ नका बे. हा पूर्ण जालना जिल्ह्यावर फुली मारून ठेवील." मिलिंद मात्र कधी चिडवायचा नाही. फुली दिसली की मुकाट्याने दुसरी वाट शोधायचा. त्याची नजरच तशी होती. शिंपी जसा माणसाकडे बघून माप घेतो तसा तो दगडाकडे बघायचा, मग वहीत त्याचं चित्र काढायचा, आणि हात कुठे, पाय कुठे हे बारीक आकडे घालून लिहायचा. ती वही अजून आहे. शेवटचं पान, मी आता सांगणार आहे त्या दगडाचं आहे.

तिसरा रविवार. टेकडीवरचा सगळ्यात देखणा दगड. वर जो आधी पोचेल त्याने नाव ठेवायचं, अशी आमची पद्धत, आणि या दगडाला नाव द्यायला मिलिंद आठवडाभर झुरत होता. वाट एकच होती. माथ्याच्या जरा खाली भाकरीएवढा एक पापुद्रा बाहेर आला होता. तो धरला तरच वर जाता येत होतं. त्याच्यावर फुली मारली असती तर दगड संपला.

मी पालथा पडलो. घोरपडीसारखा खाली वाकलो. ठोकलं. टण्.

जरा डावीकडे ठोकलं. बद्द.

की नव्हतं वाजलं? मला आता खात्री नाही. मला — थांबा. हेच वाक्य मी सात वर्षं स्वतःला ऐकवतोय. मला खात्री होती. बद्दच वाजलं होतं. तिसऱ्यांदा मी हातोडी उचलली, आणि ठोकली नाही. तिसऱ्यांदा ठोकलं असतं तर ठरून गेलं असतं ना.

खालून शकील ओरडला, "फुलीवाले, झाली का पूजा?"

ते हसले. मीही हसलो. खडू माझ्या खिशात होता, बोटं त्याला लागत होती. मी हातोडी खोचली आणि मागच्या बाजूने उतरून आलो. एक दिवस, एकच दिवस मला फुलीवाला व्हायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण मी फार शोधलं. सापडलं नाही.

मिलिंद चढला. फार सुरेख चढला तो त्या दिवशी. पापुद्र्याखाली येऊन थांबला आणि खाली न बघता म्हणाला, "सगळं बघितलं ना रे?"

"बघितलं," मी म्हणालो.

त्याने दोन्ही हातांनी पापुद्रा धरला आणि पापुद्रा त्याच्या हातात आला. तो गादीवर पडला नाही. गादीच्या कडेला, उजव्या टाचेवर पडला. आवाज मी लिहिणार नाही. पापुद्रा त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर गवतात येऊन रुतला.

आबा धावत आले. पोराला हाक मारून ट्रॅक्टर आणवला, घरातली बाज आणली. मिलिंदला बाजेवर घातलं. आबा, त्यांचा मुलगा, शकील आणि मी — चौघांनी उचलून उतारावरून ट्रॉलीपर्यंत नेला. ट्रॉलीत ठेवल्यावर मी म्हणालो, सामान घेऊन येतो. आणि वर परत आलो.

ही ती दोन मिनिटं.

मी आधी गाद्याच गुंडाळल्या, हे खरं सांगतो. ठरवून वर आलो नव्हतो. मग तो पापुद्रा दिसला. उपडा पडला होता, आतली पिवळी-मातकट बाजू वर. ती बाजू बघून कुणालाही कळलं असतं की हा कधीचा सुटलेला होता. मी तो उलटा केला. काळी बाजू वर आणली. खिशातून खडू काढला आणि त्याच्यावर फुली मारली. ठळक. मग मागे होऊन पाहिलं. फारच ताजी दिसत होती. म्हणून अंगठ्याने जरा पुसली, एका टोकाला. थोडी माती चोळली. तेव्हा बराबर दिसली.

इतकं नीट काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

खोटं बोलायची वेळच माझ्यावर आली नाही. मिलिंदचा मोबाईल राहिला होता, तो घ्यायला शकील वर आला. गवतात शोधता शोधता थबकला. "अबे," तो म्हणाला, "फुली हाय की इथं." मग खालीच बसला. "त्यानं बघितली कशी न्हाई?"

मी गादीची दोरी आवळत होतो. आणखी एक गाठ मारली. दवाखान्यात शकीलनेच सगळ्यांना सांगितलं.

टाचेत सळया घातल्या. चौथ्या दिवशी भेटायला गेलो तर मिलिंदने माझा हात धरला. औषधाने जीभ जड झाली होती त्याची. म्हणाला, "तू मारली होती रे. मलाच दिसली न्हाई. तुला उगा घोर लावला मी." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो माझी माफी मागत होता.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "असू दे."

म्हणजे मी त्याला माफ केलं.

टाच भरून आली. लंगडतो थोडा, पावसाळ्यात जास्त. ते मी सोसलं असतं — बघा, मी सोसलं असतं म्हणतोय, जणू टाच माझी. पण टाचेने संपलं नाही. वर्षभराने मिलिंदची बायको, वैशालीवहिनी, दुकानात आल्या. ड्रॉइंगच्या वह्या घेतल्या आणि पैसे देताना म्हणाल्या, "भाऊजी, हे गाडीची चावीच हातात घेईनात. लेकीला मागं बसवायचं म्हणलं की म्हणतेत, मला समोरचं दिसत न्हाई, पोरीला घेऊन कुठं धडकू." लेक तेव्हा चौथीत होती. आता अकरावीला चाललीय, आणि बापाच्या मागे गाडीवर शेवटचं कधी बसली ते तिला आठवतही नाही. मिलिंद रोज शाळेत एसटीने जातो. फळ्यावर रेघ मारली की वर्गाला विचारतो, सरळ आहे ना? पोरं आधी हसायची. आता सवयीने 'हो सर' म्हणतात. चित्रं काढणं त्याने सोडलं. म्हणतो, हातभर अंतरावरची पांढरी फुली ज्याला दिसत नाही त्याने कशाची चित्रं काढायची?

आणि मी ही गोष्ट सांगत राहिलो. त्याच्यादेखत सांगितली. गाद्या, गुप्तधन, आबा, आणि शेवटी — एवढी ठळक फुली, आणि आमचे चित्रकार साहेब बरोबर तिथेच हात घालतात. लोक हसतात. सगळ्यात मोठ्याने मिलिंद हसतो. मी का सांगतो? मला वाटायचं, लोकांना हसवायला. पण प्रत्येक वेळी ती फुली मी पुन्हा मारत असतो, हे मला कळत नाही असं थोडंच आहे.

तो दगड माझ्या मागे येतो. नारळ घेताना मी वाजवून बघत नाही, बायकोला पुढे करतो. कुणी दारावर मुठीने ठोकलं की मी आधी कान देतो — टण् की बद्द. घरात नव्या फरश्या बसवल्या तेव्हा मिस्त्री लाकडी ठोकळ्याने एकेक ठोकून बघत होता. मी दोन दिवस दुकानात जाऊन जेवलो.

गेल्या महिन्यात मिलिंदला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. हे तिसरे डॉक्टर. तो गाडी चालवत नाही, म्हणून नेण्याचं काम माझं. मी स्टुलावर बसलो होतो. त्याने तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ धडाधड वाचली. डॉक्टरांनी उलटसुलट विचारली, तीही वाचली. ते म्हणाले, गुरुजी, या वयात अशी नजर मी क्वचित बघतो, तुम्ही आलात कशाला? मिलिंद खुर्चीत पुढे सरकून बसला. मग म्हणाला, "काळ्या दगडावर पांढरी फुली होती, डॉक्टर. येवढी मोठी. तोंडासमोर. ती न दिसायला माणसाला काय झालेलं असतं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे.

डोळ्यांत काही नाही तर मग मेंदूत बघून घ्या, असं त्यांनी लिहून दिलंय. छत्रपती संभाजीनगरला मोठं मशीन आहे. गुरुवारची वेळ मिळालीय. वहिनींनी आत्तापासूनच जेवण सोडल्यासारखं केलंय. मिलिंद म्हणतो, काही निघालं तर बरंच होईल, निदान नाव तरी कळेल. सकाळी सहाला मी त्याला घ्यायला जाणार आहे. तासाभराचा तरी रस्ता आहे, गाडीत आम्ही दोघंच. मी तेव्हा बोलेन, असं तुम्हाला सांगत नाही. माझं मलाच माहीत नाही, आणि माझ्या सांगण्याचा भरवसा काय ते तुम्ही आत्ताच वाचलंत.

मशीनला काही सापडणार नाही, एवढं मात्र सांगतो. तो पापुद्र्याखाली थांबला होता तेव्हा त्याने मान वळवून आधी डावी कड पाहिली, मग उजवी. मग पुन्हा डावी. हात घालण्याआधी त्याने तो दगड नीट, सावकाश पाहिला. मी खाली उभा राहून त्याला पाहताना पाहत होतो. दगडावर काहीही नव्हतं, आणि त्याला तेच दिसलं.