रुसलेल्या योद्ध्याची शिकवणी

राग सोडा, म्हणे. सांगणार कोण? ज्याची दहाही बोटं शाबूत आहेत तो.

साजगावच्या ज्या कारखान्यात मी कंत्राटावर होते, तिथे प्रेसवरच्या मावशीची दोन बोटं गेली. माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझरनंच मशीनची हात वाचवणारी जाळी काढायला लावली होती. मलमपट्टी झाली आणि मावशीचा गेटपास बंद. कारण काय, तर तिचा निष्काळजीपणा! आम्ही तेरा बायका दोन दिवस गेटबाहेर बसलो. मागणी एकच: मावशीला कामावर घ्या. पत्रक मीच लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी बोलणी करायला कोणी आलं नाही, कारखान्याची बस आली. कळंबच्या एका रिसॉर्टवर 'स्वतःला घडवा' शिबिर. मावशीला बसमध्ये जागा नव्हती. पास नाही ना! मोठे साहेब येतील, तिथेच बोलू, असं सांगून मीच सगळ्यांना चढवलं.

साहेब आलेच नाहीत. आले एक सर, कानाला माईक लावून. ग्रीकांच्या जुन्या महाकाव्यांतून जगण्याचे धडे देणार होते. धडा पहिला: एक मोठा योद्धा रुसून तंबूत बसला, लढेना, आणि त्याच्या हट्टापायी त्याचीच माणसं मेली. "बघा ताई, राग जाळतो कुणाला? आपल्याच माणसांना!" मी उठून बोलणार, तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

इथेच फसलो. आमच्याकडे ज्याचं जेवलो त्याला त्याच बैठकीत नाही म्हणत नाहीत. सोयरीक मोडायची असली तरी माणूस आधी चहा नाकारतो, मग बोलतो. हे मला ठाऊक होतं. तरी पनीर खाल्लं, गुलाबजाम दोनदा घेतले. आमच्या तेरा जणींतली मावशीची जाऊ तेवढी जेवली नाही. "पोट बरं नाय," म्हणाली.

जेवणानंतर कागद फिरला: 'मी राग सोडला आहे. यापुढे गेटवर बसणार नाही.' एकीनं सही केली, दुसरीनं केली. कागद जावेकडे आला.

"सर, त्यो रुसला का पन?"

"त्याच्या सेनापतीनं त्याचं बक्षीस सगळ्यांदेखत काढून घेतलं."

"मंग त्या सेनापतीला नाय बसवला कोनी शिबिरात?"

बायका खदखदून हसल्या. सर म्हणाले, "ताई, सेनापती परत द्यायला तयार झाला होता."

"कवा?"

"बरीच माणसं पडल्यावर. आणि योद्धा उठला, तो त्याचा जिवलग मेल्यावर."

"म्हंजी आमी कोन मरायची वाट बगायची?"

सरांनी धडा दुसरा काढला. जावेनं कागद पुढे सरकवला, सही न करता. पुढे मी होते. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी तो कागद गेटवर चिकटवलेला. बारा सह्या. मॅनेजर म्हणाला, "मिटलं ना तुमचं?"

संध्याकाळी कशेळ्याहून वर मावशीच्या वाडीवर गेले. मोबाइलमधला त्या कागदाचा फोटो दाखवला.

"तुजी सही कंची?"

मी बोट ठेवलं.

"अक्षर झ्याक हाय गं," ती म्हणाली. "उद्या आमी दोगी जावा बसनार गेटावर. तू नको येऊ. तू राग सोडलास ना?"

सकाळी पोचले तेव्हा दोघी गेटसमोरच्या झाडाखाली बसल्या होत्या. मावशीनं सरकून जागा दिली नाही. मी उन्हात बसले.