तीन बाटल्यांतलं पाणी

टायफॉइडचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?"

मी जरा ताठ्यानेच सांगितलं, "जारचं. नळाचं आम्ही पीत नाही."

"जारचं पाणी कधी तपासलंय?"

जारचं पाणी तपासायचं असतं, हे आयुष्यात माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तपासायला लागू नये म्हणूनच तर ते घ्यायचं, अशी माझी समजूत होती. डॉक्टर म्हणाले, कशानेही होऊ शकतं, बाहेरच्या चटणीने, बर्फाने, नक्की सांगता येत नाही. पण त्यांचा प्रश्न माझ्यासोबत घरी आला.

पनवेलजवळ विचुंबेला आम्ही राहायला आलो त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. नवी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट कागदावर. पहिल्याच पावसाळ्यात नळाला चहासारखं पाणी आलं आणि पाठोपाठ नवऱ्याला कावीळ झाली. दीड महिना तो अंथरुणात होता. उसाचा रस, पथ्याचं जेवण, माझ्या रजा, सगळं झालं. तो उठून बसायला लागला त्या आठवड्यात मी जार सुरू केला. अख्ख्या इमारतीत बहुतेकांकडे जारच होता.

निळा, वीस लिटरचा जार. टेम्पोवाला गेटपाशी ठेवून निघून जायचा. वर आणणं ज्याचं त्याने बघायचं. नवरा गोदामात सुपरवायझर, त्याची पाळी बदलती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. मी पनवेलला एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. संध्याकाळी शेअर रिक्षातून उतरायचं, पर्स खांद्यावर अडकवायची, जार कमरेवर घ्यायचा आणि जिना चढायचा. प्रत्येक वळणावर एकदा टेकवायचा. कमर दुखायची, पण काविळीपेक्षा कमर परवडली, असं मी स्वतःला सांगायचे.

सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे आले. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. त्यांचं गाव उरणच्या बाजूला, जन्म मिठागरात गेलेला. आल्या दिवशी मी त्यांच्यासमोर जारमधल्या पाण्याचा पेला ठेवला. एक घोट घेऊन त्यांनी तो खाली ठेवला.

"या पान्याला चवच नाय," ते म्हणाले. "मना नलाचं दे."

मी समजावलं, त्यांच्या मुलाने समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पनवेलच्या बाजारातून एक माठ घेऊन आले. तो त्यांनी स्वतःच्या खाटेजवळ ठेवला. सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळायचे आणि त्यात भरायचे. मी चिडायचे. एकदा तर बोलूनही गेले, "बाबा, तुम्हाला काही झालं तर धावपळ कोणी करायची? मीच ना?" त्यांनी माठावरचं झाकण नीट केलं आणि बाहेर जाऊन बसले.

आणि झालं मला. फक्त जारचं पिणारीला.

तीन आठवडे मी घरात होते. त्या दिवसांत जार वर आणायला कोणी नव्हतं. एका दुपारी जिन्यात धाप लागल्याचा आवाज आला म्हणून मी भिंतीला धरून दारापर्यंत गेले. बाबा जार घेऊन वर येत होते. दोन पायऱ्या चढायचे, जार टेकवायचे, कठडा धरून उभे राहायचे. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर.

"अहो बाबा, कशाला? राहू द्या!"

ते आत आले, जमिनीवरच बसले. श्वास जागेवर आल्यावर म्हणाले, "एवरा जर हाय व्हय ह्यो जार? आन तू रोज आनतेस." मग थोडं थांबून म्हणाले, "चव बीव काय नाय गो. तू कमर धरून वर येतेस ते मी पयल्या दिवशी बघितला. तसला पानी मना घशाखाली नाय जात. म्हणून नको बोललो."

दोन वर्षं मी या माणसावर चिडत होते. मला रडू आलं नाही, तेवढी ताकदच नव्हती अंगात. मी त्यांना पंखा लावून दिला आणि जाऊन पडले.

बरी झाल्यावर रजा उरलेली होती तोवर मी जारवाल्याकडे गेले. त्याचा प्लांट नेरे गावाच्या रस्त्याला, घराला लागून टाकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. एक बोअर, एक काळी टाकी, पाणी गार करायचं मशीन आणि भिंतीशी उलटे मांडलेले जार. मालक साठीचे, पांढऱ्या शर्टातले. मी भांडायच्या तयारीने गेले होते. त्यांनी खुर्ची पुसून दिली.

"काका, हे पाणी कुठलं?"

"बोअरचा. आमच्याच जाग्यातला. शेती गेली बिल्डिंगीत, बोअर तेवरी राहिली."

"फिल्टर होतं ना पण?"

"हाय ना फिल्टर. बदलायला झालाय."

"आणि तपासणी?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ताई, आमी पानी गार करून देतो. जारवर कुठं शुद्ध लिवलंय का, बघा. तुमी लोकांनी आपलं समजून घेतला."

मी बघितलं. जारवर डोंगराचं आणि धबधब्याचं पुसट झालेलं चित्र होतं आणि खाली एक मोबाइल नंबर. बाकी काहीच नव्हतं. इतकी वर्षं तो जार माझ्या कमरेवर होता आणि मी तो कधी वाचला नव्हता.

"माजी नातवंडा पन हाच पितात," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. त्यामुळे भांडताही आलं नाही. समोर ठेवलेला पेला मी न पिता उठले, याचं मात्र मला वाईट वाटलं, त्यांनाही वाटलं असावं.

मग सरकारी प्रयोगशाळा. खिडकीतल्या माणसाला मी म्हटलं, दोन बाटल्या द्या, एक जारच्या पाण्यासाठी, एक नळाच्या.

"कुठल्या नळाच्या?" त्याने विचारलं. "तुमच्या इमारतीच्या टाकीच्या आधीच्या की नंतरच्या?"

हाही प्रश्न मला नवीन होता. त्याने तीन बाटल्या दिल्या आणि सगळं दोनदा सांगितलं. बाटली विसळायची नाही, झाकणाला आतून बोट लावायचं नाही, नळ पुसून जरा वेळ वाहू द्यायचा, बर्फात घालून लगेच आणायचं. जारचं, स्वयंपाकघरातलं आणि गेटजवळ बाहेरची लाइन येते तिथल्या नळाचं, असं तीन ठिकाणचं पाणी मी भरलं. रिक्षात बाबा बर्फाची पिशवी मांडीवर धरून बसले. त्यांनी यायचा हट्टच धरला होता. वाटेत म्हणाले, "आमच्याकडं पियाचा गोरा पानी लांबून डोक्यावर आनायला लागायचा. मिठाच्या पान्यात उबं राहून तान्हेलं राहायचो. पन पानी चांगला का वाईट, असा कोनी विचारला नाय."

रिपोर्ट घ्यायलाही आम्ही दोघंच गेलो. जार, पिण्यास अयोग्य. स्वयंपाकघरातला नळ, पिण्यास अयोग्य. गेटजवळचा नळ, पिण्यास योग्य.

मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद स्वतःच्या हातात घेतला.

"म्हंजे भायेरचा पानी चांगला. आन घान आपल्या टाकीत?"

"हो बाबा."

"मंग मना कसा काय नाय झाला?"

खिडकीतला माणूस म्हणाला, "नशीब, आजोबा. पुढे त्याच्यावर विसंबू नका."

सोसायटीच्या मीटिंगला मी तो कागद घेऊन गेले. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, सगळ्यांकडे जार आहे. टाकीचं पाणी पितंय कोण?" मी विचारलं, "दात कशाने घासता? कोथिंबीर कशाने धुता? आणि जारचा रिपोर्ट वाचलात का?" कोणी म्हणालं, आमचा जार दुसऱ्या प्लांटचा आहे. कोणी म्हणालं, पुढच्या मीटिंगला घेऊ. शेवटी वॉचमनची बायको, जी मीटिंगच्या खुर्च्या मांडायला आली होती, ती दारातूनच म्हणाली, "आम्ही पितो की टाकीचं. मुलांना सारखे जुलाब होतात." त्यानंतर मात्र कोणी पुढच्या मीटिंगचं बोललं नाही.

रविवारी पार्किंगखालची टाकी उघडली. झाकणाला एवढी भेग होती की हात आत जाईल. पार्किंगमधलं पाणी त्यातूनच झिरपत होतं. तळाला घोट्याइतका काळा गाळ, कबुतराची पिसं आणि एक गंजलेला डबा. वरून वाकून बघणारे एकेक करून नाकाला रुमाल लावून मागे सरले. टाकी धुतली, भेग बुजवली, झाकण नवं बसवलं. पुन्हा बाटली घेऊन मी प्रयोगशाळेत गेले. या वेळी योग्य आलं.

आम्ही जार बंद केला. नळाचं पाणी उकळून, गाळून ठेवते. प्रवासात एसटी स्टँडवर सीलबंद बाटली घेते, सील आणि आयएसआयचा छाप बघून. तिला माझी काही हरकत नाही. पण घरात रोजचं पाणी विकत आणायचं, ते केवळ कोणीतरी दुसऱ्याने काळजी घेतली असेल या भरवशावर, ते आता माझ्याच्याने होत नाही. कमर पूर्वीपेक्षा बरी आहे. पूर्ण बरी होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

इमारतीत बहुतेक घरांत अजून जार येतो. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या बाई विचारत होत्या. त्यांची सून बाळंतपणाला माहेरी न जाता इथेच राहणार आहे. "तिला कुठलं पाणी देऊ हो? तुम्ही ते सगळं केलंत ना."

मी सांगितलं, "उकळून द्या."

"नळाचं?"

"नळाचं."

त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. पेलाभर पाण्यासाठी माणसाने किती माहिती ठेवायची, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला त्यांना काही म्हणता येईना, कारण मलाही तेच वाटतं.

टाकी धुऊन सहा महिने होऊन गेले. सेक्रेटरींना आठवण करून दिली तर म्हणाले, "तुम्हीच बघा ना मॅडम, तुम्हाला सगळं माहितीये." काल शाळेतून येताना टाकी धुण्याच्या नोटिशीसाठी कोरा कागद घेऊन आले. बाबा म्हणाले, अक्षर मोठं लिव, म्हाताऱ्या मानसांना वाचता यायला पायजे. जेवणं आटोपली की लिहायला बसेन.