चार रंग पुरतात का?

सपना वाघचौरेला बसून विचार करता यायचा नाही. भांडुपच्या टेकडीवरल्या घरात ती ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची, आणि आई सुंदराबाई वैतागून तिला बाहेर पिटाळायची.

सपना विद्यापीठाच्या गणित विभागात पीएच.डी. करत होती. तिचा विषय होता ग्राफ, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. जोडलेल्या दोन ठिपक्यांना एकच रंग द्यायचा नाही, तर किती रंग लागतील? एका मोठ्या प्रकारच्या ग्राफना चार रंग पुरतात, असं तिनं यंदा सिद्ध केलं होतं. विभागाच्या वार्षिक अंकात नव्या नेमणुका, फेलोशिप, परिषदा अशा बातम्या येणार होत्या. संशोधनाच्या पानावर मात्र सगळ्यात वर सपना. वडील शिवदास पालिकेच्या पाणीखात्यातले. त्यांनी ही गोष्ट बुद्धविहारात कधीच सांगून टाकली होती. रविवारी सत्कार ठरला होता.

अंकासाठी सोप्या भाषेत चार ओळी लिहायला ती बसली आणि तिथंच अडली. एक पायरी काही केल्या सोपी होईना. तिनं मूळ सिद्धता उघडली. रेघांनी बनलेली दोन वर्तुळं एकाच ठिपक्यावर भेटली, तर सिद्धता ज्यावर उभी होती ती रंगांची अदलाबदल फसत होती. तसं होणारच नाही, असं ती धरून चालली होती.

ती टेकडी उतरली, पुन्हा चढली. सोबत संशोधन करणाऱ्या सौरभला फोन केला. तो म्हणाला, “आत्ता गप्प बस ना यार. अंक वाचतं कोण?”

कोपऱ्यापर्यंत तिला बरं वाटलं. मग ती मागे वळली, आणि तिनं मार्गदर्शक उत्तरा मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी ती पायरी पुन्हा वाचली.

“मीही दोनदा वाचलं होतं गं,” त्या शेवटी म्हणाल्या. “अंकातून बातमी काढून टाकू या.”

तिनं घरी सांगितलं, तसे शिवदास चपला घालून विहारात गेले आणि सत्कार रद्द करून आले. रविवारभर ते तिच्याशी बोलले नाहीत. सोमवारी चहा पिताना म्हणाले, “ती वर्तुळं भेटतात म्हणजे काय, ते काढून दाखव.” तिनं वर्तमानपत्राच्या कडेला काढलं. त्यांना फारसं कळलं नाही, पण ते बघत राहिले.

पुढचे कित्येक महिने ती फट बुजेना. सपना चिडचिडी झाली, जेवण अर्धवट टाकून उठू लागली. दिवाळीनंतर एका दुपारी, रिकाम्या वर्गात फळ्यावर ठिपके जोडताना, त्याच प्रकारचा, पण चार रंगांत न बसणारा ग्राफच तिच्यासमोर उभा राहिला. म्हणजे फट बुजणारच नव्हती. मूळ विधानच खोटं होतं. तिला आधी रडू आलं. मग तिनं मॅडमना बोलावलं.

मॅडमनी एकेक रेघ तपासली, खडू खाली ठेवला आणि विचारलं, “मग पाच पुरतात?”

सपना फळ्यापासून खिडकीपर्यंत चालू लागली होती.