हवेतले तुटके निरोप

"मॅडम, ते गॅस सेन्सर बायपास करून द्या. सीझन संपेपर्यंतच."

काकडे साहेब खुर्चीतून न उठता म्हणाले. देऊळगाव राजाजवळच्या सोयाबीन तेलाच्या प्लँटचे ते मॅनेजर. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. माहेर साखरखेर्ड्याचं, मधली काही वर्षं पुण्यात नोकरी, आता याच भागातल्या कारखान्यांची कामं घेते. प्लँट सकाळपासून तिसऱ्यांदा आपोआप बंद पडला होता आणि गेटबाहेर मालाचे ट्रॅक्टर उभे होते.

सोयाबीनमधून तेल काढायला हेक्झेन वापरतात. ते पेट्रोलसारखं पेट घेतं. त्याची गळती ओळखायला प्लँटभर वायरलेस सेन्सर बसवलेत. प्रत्येक सेन्सर ठरावीक वेळाने 'इथे ठीक आहे' असा निरोप हवेतून पाठवतो. या निरोपाला आम्ही पॅकेट म्हणतो. कंट्रोल रूमच्या छतावरचा गेटवे हे निरोप गोळा करतो. एखाद्याचा निरोप आलाच नाही, तर धोका समजून प्लँट थांबतो. बायपास केला की सेन्सर गप्प बसला तरी प्लँट चालूच राहतो.

"साहेब, ते मी करणार नाही," मी म्हणाले. "निरोप कुठे हरवतो ते शोधू."

"शोधा. पण मले शेठले उत्तर द्यायचं आहे."

माझ्याकडे पॅकेट अॅनालायझर आहे. अँटेना लावलेला छोटा डबा. तो स्वतः काही बोलत नाही. हवेतले सगळे निरोप ऐकतो आणि लॅपटॉपवर दाखवतो. मी तो कंट्रोल रूमच्या खिडकीत ठेवला. थोड्याच वेळात स्क्रीनवर लाल ओळी दिसू लागल्या. लाल म्हणजे तुटकं पॅकेट.

सेन्सर पुरवणाऱ्या कंपनीच्या पुण्यातल्या इंजिनिअरला मी स्क्रीनचा फोटो पाठवला आणि फोन लावला.

"तुमचाच अॅनालायझर सांगतोय ना मॅडम," तो म्हणाला. "तुमच्या साइटवर इंटरफिअरन्स आहे, सिग्नलमध्ये अडथळा. प्लँटमधल्या मोटारींचा असेल. आमच्या मालात दोष नाही."

फोन ठेवल्यावर काकडे साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग गेटबाहेरच्या ट्रॅक्टरांकडे बोट दाखवलं.

मी लाल ओळी पुन्हा नीट पाहिल्या. त्या फक्त यंदा बसवलेल्या नव्या सेन्सरच्या होत्या. त्यांच्या शेजारीच बसवलेल्या जुन्या सेन्सरचं एकही पॅकेट तुटलेलं नव्हतं. हवेत अडथळा असता तर दोघांचीही तुटली असती. म्हणजे पॅकेटं शाबूत असतील, माझ्या अॅनालायझरलाच ती वाचता येत नसतील. त्याचं सॉफ्टवेअर जुनं होतं आणि नवे सेन्सर नव्या पद्धतीने बोलत होते.

प्लँटमधलं इंटरनेट रडतखडत चालतं. गावात घरी जाऊन अपडेट डाउनलोड केलं आणि परत आले. लॅपटॉपवर टाकलं, तर स्क्रीन पूर्ण कोरी. लाल ओळीही गेल्या.

"आता तं काहीच दिसून नाही राह्यलं, ताई," ऑपरेटर दिलीपभाऊ म्हणाले.

"लॅपटॉप नवा झाला भाऊ, डबा जुनाच राह्यला," मी म्हणाले. डब्याच्या आतही सॉफ्टवेअर असतं, त्याला फर्मवेअर म्हणतात; त्याची नवी फाइल अपडेटसोबतच आली होती. दोन्ही एका जोडीचे नसतील तर त्यांचं एकमेकांशी जमत नाही. फर्मवेअर बदलताना मध्येच वीज गेली तर डबा कायमचा निकामी होऊ शकतो, आणि माझ्याकडे तो एकच होता. डब्याला वीज लॅपटॉपमधूनच मिळते, म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज करून घेतला आणि सुरू केलं. स्क्रीनवरची प्रगतीची पट्टी भरेपर्यंत मी कीबोर्डला हात लावला नाही.

डबा पुन्हा सुरू झाला. सगळ्या ओळी हिरव्या.

हवा स्वच्छ होती. पण आता आणखी एक गोष्ट दिसली. निरोप मिळाला की गेटवे 'पोचला' असं उत्तर देतो. नवे सेन्सर अधूनमधून बॅटरीची माहिती जोडून लांब निरोप पाठवत. त्या लांब निरोपांना गेटवेकडून उत्तरच नव्हतं. सेन्सर तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवायचा, गेटवे तो सोडून द्यायचा आणि शेवटी सेन्सर मेला असं समजून प्लँट थांबवायचा. सेन्सर नवे बसवले, पण गेटवेचं सॉफ्टवेअर कंपनीने तेच ठेवलं होतं.

नव्या स्क्रीनचे फोटो पाठवून पुण्याला पुन्हा फोन लावला. या वेळी त्या इंजिनिअरने आमच्या गेटवेचं सॉफ्टवेअर कोणतं आहे ते तपासलं.

"मॅडम, हे आमच्याकडून राहिलंय," तो म्हणाला. "गेटवेचं अपडेट पाठवतो. आणि अॅनालायझरचं हे रेकॉर्डिंग आम्हाला मिळेल का? आमच्या टेस्टिंग टीमला दाखवायचंय."

"पाठवते," मी म्हणाले. तेव्हा मला जो आनंद झाला, तो लपवायचा मी काही प्रयत्न केला नाही.

काकडे साहेबांनी प्लँट रीतसर थांबवून दिला, मी गेटवे अपडेट केला. त्यानंतर निरोप चुकल्यामुळे प्लँट एकदाही थांबला नाही. आता कुठल्याही साइटवर गेले की मी आधी माझ्याच यंत्राचं सॉफ्टवेअर तपासते, मग दुसऱ्याच्या चुका काढते.

सीझनच्या अखेरीला एका सकाळी काकडे साहेबांचा फोन आला. पंपाचं सील फाटून खरंच हेक्झेन गळलं होतं. शेजारच्या नव्या सेन्सरने ते पकडलं, माणसं बाहेर आली, कोणाला काही झालं नाही.

"मॅडम, आज प्लँट बंद पडला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण आज बरोबर बंद पडला."